वाचकांचे प्रश्न : छोट्या आगगाडीच्या डब्याला दुसरी बोगी बसवताना

डब्यांची किट जोडणाऱ्या वाचकांकडून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न बोगीविषयी आहेत. कोणाच्या खोक्यात बोग्या नव्हत्याच, कोणाच्या जुन्या बोग्या तुटल्या, तर कोणाचा नवा डबा प्रत्येक सांध्यावर, म्हणजे एका रुळातून दुसरी वाट फुटते तिथे, रूळ सोडतो. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. या सदरात मात्र बोगी म्हणजे डब्याच्या पोटाखाली मध्यखिळीभोवती फिरणारी चार किंवा सहा चाकांची चौकट. प्रश्न विचारणाऱ्या सर्वांची किट ब्रिटिश डब्यांची आणि ओओ, म्हणजे फुटाला ४ मिमी या प्रमाणातली असल्यामुळे उत्तरांतली मापेही त्याच प्रमाणातली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ब्रिटिश रेल्वेच्या ‘मार्क १’ डब्याचे प्लास्टिकचे जुने किट आहे. त्यात बाजू, छत, तळ असे सगळे आहे. बोग्या तेवढ्या नाहीत. विक्रेत्यांच्या याद्यांमध्ये ‘बीआर १’, ‘कॉमनवेल्थ’ आणि ‘बी ४’ अशी तीन नावे दिसतात. शिवाय त्याच रुळांवर चालणाऱ्या एचओ प्रमाणाच्या बोग्याही सहज मिळतात. यांपैकी कोणत्या घ्याव्यात?

उत्तर : एचओच्या बोग्या घेऊ नयेत. ओओ आणि एचओ या दोन्ही प्रमाणांत रुळांमधले अंतर १६.५ मिमी असल्यामुळे चाके रुळांवर नीट बसतात आणि तिथेच फसगत होते. एचओमध्ये फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात. मार्क १ च्या बोगीच्या दोन आसांमधले खरे अंतर ८ फूट ६ इंच आहे. ते ओओमध्ये ३४ मिमी होते आणि एचओमध्ये पावणेतीस मिमीच्या आसपास. सव्वाचार मिलिमीटरची ही तूट डबा रंगवून, काचा लावून तयार झाला तरी लपत नाही, कारण बोगीची चौकट आणि डब्याची लांबी यांचे नाते डोळ्यांना फार लवकर कळते.

आपण दिलेल्या तिन्ही नावांच्या बोग्यांच्या आसांमधले अंतर मात्र सारखेच आहे, त्यामुळे केवळ मोजून निवड करता येणार नाही. मार्क १ डबे १९५१ पासून बांधले गेले तेव्हा त्यांना बीआर १ बोगी होती. ती झिजू लागली की डबा हादरे देतो, अशी तक्रार होऊ लागली. म्हणून पुढच्या काळात बांधलेल्या अनेक डब्यांना ओतीव पोलादाची, जाड चौकटीची कॉमनवेल्थ बोगी बसवण्यात आली. ती चालायला शांत होती, पण जड होती. इंग्लंडमधल्या स्विंडनला आखलेली बी ४ त्यानंतरची. ती हलकी असून तिच्या प्रत्येक ॲक्सलबॉक्सच्या (आसाचे टोक ज्यात फिरते त्या पेटीच्या) दोन्ही बाजूंना गुंडाळीच्या स्प्रिंगा दिसतात. मार्क १ नंतर आलेल्या मार्क २ डब्यांना ती मुळापासून होती आणि बऱ्याच मार्क १ डब्यांखाली जुनी बोगी काढून ती नंतर बसवली गेली. याचा अर्थ असा, की एकाच डब्याखाली वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या बोग्या असू शकतात. तेव्हा आपला डबा कोणत्या वर्षातला आणि कोणत्या रंगसंगतीतला दाखवायचा हे आधी ठरवावे, त्या काळातले त्या प्रकारच्या डब्याचे छायाचित्र मिळवावे आणि मगच मागणी नोंदवावी.

इतर ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या डब्यांसाठी आसांमधल्या अंतराचा पुष्कळ उपयोग होतो. एलएमएसच्या नेहमीच्या चारचाकी बोगीचे अंतर ९ फूट, म्हणजे ३६ मिमी आहे. सदर्नची बोगी ८ फुटी, म्हणजे ३२ मिमी. एलएनईआरच्या, ग्रेस्ली या अभियंत्याच्या आखणीच्या डब्यांची ८ फूट ६ इंची, म्हणजे ३४ मिमी. ग्रेट वेस्टर्नकडे ७ फुटी आणि ९ फुटी अशा दोन्ही होत्या, त्यामुळे तिथे पुन्हा छायाचित्राकडेच वळावे लागते. अर्ध्या मिलिमीटरची चूक मी चालवून घेईन. दोन मिलिमीटरची नाही.

बोगी शोधण्याचा क्रमही सांगतो. किट बनवणारी कंपनी अजून चालू असेल, तर सुटे भाग प्रथम तिच्याकडेच मागावेत, कारण त्या बोगीची उंची आणि मध्यखिळीचे भोक आपल्या तळाशी जुळणार हे निश्चित असते. ते शक्य नसेल, तर केवळ बोग्या विकणाऱ्यांकडे जावे. कॉमेट या नावाने मिळणारी पितळी बोगी किट आणि एमजेटीचे ओतीव भाग ब्रिटिश डबे बांधणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. तिसरा मार्ग म्हणजे तयार डब्यांसाठी विकल्या जाणाऱ्या सुट्या बोग्या. त्या सुबक असतात आणि हलक्या फिरतात, पण त्यांची जोडणी त्या त्या डब्याच्या तळासाठी आखलेली असते, म्हणून आपल्या किटच्या तळावर बैठक नव्याने करावी लागते. त्रिमितीय छपाईच्या बोग्यांमुळे दुर्मिळ प्रकारही आता मिळू लागले आहेत. मात्र रेझिनच्या पातळ चौकटी ठिसूळ असतात आणि आस बसवताना त्या ताणल्या तर तडकतात.

मागणी नोंदवण्यापूर्वी आणखी एक माप घ्यावे. डबा दोन ठोकळ्यांवर असा टेकवावा, की बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे १४ मिमी उंच राहील. मग मध्यखिळीपाशी डब्याचा तळ रुळाच्या माथ्यापासून किती उंच आहे ते मोजावे. बोगीची वरची टेकण या उंचीपेक्षा वर येत असेल, तर पुढे टेकण किंवा तळ कापण्याखेरीज इलाज उरत नाही. ती खाली राहत असेल, तर वॉशर घालून काम भागते. म्हणून दोन बोग्यांपैकी एक निवडायची झाली, तर थोडी बुटकी निवडावी.

प्रश्न : मी नव्या प्लास्टिकच्या बोग्यांमध्ये धातूची चाके बसवली. एका बोगीत ती फिरतच नाहीत आणि दुसरीत इतकी सैल आहेत की उचलताच गळून पडतात. चाके एकाच पाकिटातली आहेत. दोष कोणाचा?

उत्तर : दोष बहुधा चाकांचा नाही. ब्रिटनमध्ये ओओसाठी टोकदार आसाची सर्वसाधारण लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २६ मिमी असते. बोगीच्या दोन बाजूंमधले अंतर आणि त्यांतल्या खळग्यांची खोली मिळून हे माप साधावे लागते, आणि चौकट जोडताना ती पाव मिलिमीटर जवळ किंवा दूर चिकटली तरी आपण वर्णन केलेली अवस्था होते. शिवाय काही जुन्या तयार डब्यांच्या बोग्या याहून आखूड आसांसाठी बनवलेल्या होत्या. तेव्हा जुना आस हाताशी असेल तर तो व्हर्निअरने मोजून पाहावा.

घट्ट बोगीत आसाची टोके कानशीने घासून आखूड करण्याचा मोह होतो, तो टाळावा. ते टोक गुळगुळीत आणि मधोमध असते म्हणूनच चाक हलके फिरते. काम चौकटीवर करावे. खळग्यांत पितळी बेअरिंग बसवणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे, कारण धातूचा आस नुसत्या प्लास्टिकमध्ये फिरत राहिला की खळगा हळूहळू लांबट होतो आणि चाके डुगडुगू लागतात. ही बेअरिंगे २ मिमी व्यासाची असतात. भोक पाडण्यासाठी यंत्र वापरू नये. पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल धरण्याच्या हातपकडीत, २ मिमीचे ड्रिल धरून ते बोटांनीच फिरवावे, आणि किती खोल जायचे त्याची खूण म्हणून ड्रिलवर चिकटपट्टीचा वेढा द्यावा, नाहीतर ॲक्सलबॉक्सच्या दर्शनी बाजूला भोक पडते. कडा असलेले बेअरिंग आतल्या पृष्ठभागावर टेकते आणि आसाची जागा तेवढी कमी करते. म्हणून घट्ट बोगीत बिनकडेचे बेअरिंग घेऊन ते खोल बसवावे आणि सैल बोगीत कडेचे घ्यावे. अनेकदा एवढ्यानेच दोन्ही बोग्या ताळ्यावर येतात.

गोंद लावण्याआधी बेअरिंगे नुसती दाबून बसवावीत, चाके घालावीत आणि बोगी रुळावर ठेवून रूळ एका टोकाला किंचित उचलावा. बोगी आपणहून निघाली पाहिजे. आस बोटाने आडवा हलवला तर बारीकशी टिक ऐकू यावी. आवाज मुळीच येत नसेल तर बाजू ताणल्या गेल्या आहेत आणि चौकट बाहेरच्या बाजूला फाकली आहे, असे समजावे. चारही खळगे मनासारखे झाल्यावरच चिकटवावे.

प्रश्न : व्हाइटमेटलच्या (मऊ ओतीव मिश्रधातूच्या) बोग्या जोडून डबा रुळावर ठेवला की सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात. डबा उचलला की पुन्हा चालू होतात. प्लास्टिकच्या बोगीला हीच चाके होती, तेव्हा असे कधी झाले नव्हते.

उत्तर : आपल्या डब्याने दोन रूळ एकमेकांना जोडले आहेत. बाजारातल्या बऱ्याच चाकजोड्यांमध्ये एकच चाक आसापासून विद्युत्‌दृष्ट्या अलग केलेले असते; दुसऱ्या चाकातून वीज आसात येते. प्लास्टिकच्या चौकटीत याने काही बिघडत नाही. धातूच्या चौकटीत मात्र आसातली वीज बेअरिंगमधून चौकटीत उतरते, आणि त्याच बोगीत दुसरी जोडी उलटी बसली असेल, तर चौकट दोन्ही रुळांना चिकटते.

प्रत्येक चाकजोडी बाहेर काढून कोणते चाक अलग केलेले आहे ते पाहावे. मध्याभोवती प्लास्टिकची बारीक कडी दिसते, ती नसेल तर मीटरने तपासावे. मग त्या बोगीतली सगळी अलग चाके एकाच बाजूला येतील अशी बसवावीत. डब्याचा तळही धातूचा असेल, तर दोन्ही बोग्यांमध्ये ती बाजू एकच असली पाहिजे, कारण मध्यखिळींतून दोन्ही बोग्या तळामार्फत जोडल्या जातात. त्यानंतर धातूचे कपलिंग (डबे जोडणारा आकडा) शेजारच्या तशाच डब्याला टेकले, तर तोच घोटाळा दोन डब्यांमध्ये होतो. सर्व धातूच्या डब्यांसाठी दोन्ही चाके अलग केलेल्या जोड्या घेणे हाच सुटसुटीत मार्ग आहे, आणि डब्यात दिवे लावण्याचा विचार नसेल तर मी तोच सुचवेन.

प्रश्न : डबा सरळ रुळावर चांगला चालतो, परंतु सांध्यांवर आणि वळणाच्या सुरुवातीला हटकून घसरतो. कधी पुढची बोगी घसरते, कधी मागची. मध्यखिळीचे स्क्रू घट्ट केले, ढिले केले. फरक पडला नाही.

उत्तर : प्रथम चाकांमधले आतले अंतर पाहावे. ओओमध्ये दोन चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर १४.५ मिमीच्या जवळपास असावे. ते जास्त असेल तर सांध्याच्या नाकापाशी, म्हणजे दोन वाटांचे रूळ जिथे टोकाला मिळतात तिथे, चाक चुकीच्या वाटेला लागते आणि कमी असेल तर आतल्या मार्गदर्शक पट्टीवर चढते. चाक हाताने पीळ देत आसावर सरकवता येते. दोन्ही बाजूंनी सारखे सरकवावे, म्हणजे जोडी बोगीच्या मध्यरेषेवर राहील.

आपल्या वर्णनावरून मात्र खरे कारण बैठकीत दिसते. रूळ कधीच पूर्ण सपाट नसतो. वळणाच्या तोंडाशी एक रूळ केसभर वर असतो, सांध्यात एखादा तुकडा खाली बसलेला असतो. दोन्ही बोग्या तळाशी रुंद टेकलेल्या असतील, तर डबा त्यांना पिळवटू देत नाही आणि एखादे चाक रुळापासून सुटते. तीन पायांची तिवई कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही. डब्यालाही तळाशी तीनच टेके मिळाले पाहिजेत.

हे साधायचे ते असे. एका बोगीला पुढे-मागे झुलण्याची मोकळीक द्यावी, पण डावी-उजवीकडे डुलू देऊ नये. दुसऱ्या बोगीला दोन्ही मोकळीक द्यावी. पहिल्या टोकाला मध्यखिळीच्या डावीकडे आणि उजवीकडे, शक्य तितके बाहेर, १ मिमी जाडीच्या स्टायरीन प्लास्टिकच्या पट्टीचे दोन छोटे तुकडे तळावर चिकटवावेत. हे तुकडे डब्याच्या लांबीच्या दिशेने दोन-तीन मिलिमीटरच असावेत आणि त्यांचे मध्य बरोबर खिळीच्या आडव्या रेषेवर यावेत. लांब पट्टी चिकटवली तर बोगीचे पुढे-मागे झुलणे बंद होते आणि सगळा उद्देशच फसतो. दुसऱ्या टोकाला खिळीभोवती त्याच जाडीचे, चार-पाच मिलिमीटर व्यासाचे एकच वॉशर घालावे. बोगी त्या वॉशरवर हलकेच कलंडली पाहिजे. कलंडायला वाव म्हणून खिळीचे भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठे असावे, आणि स्क्रू पूर्ण आवळू नये.

न आवळलेला स्क्रू चालता चालता सुटतो. म्हणून आपण तो घट्ट करता आणि डबा पुन्हा घसरतो. यावर उपाय असा, की स्क्रू खालून वर न घालता वरून खाली घालावा, त्याचे डोके डब्याच्या तळावर पक्के चिकटवावे आणि बोगीच्या खालून दोन नट एकमेकांवर आवळावेत. पहिल्या नटाने मोकळीक ठरते, दुसरा त्याला जागेवर धरतो. प्लास्टिकच्या तळात थेट पेच कापलेला असेल, तर तो काही काळाने हमखास झिजतो. तिथे पितळी नळीचा छोटा तुकडा बुश म्हणून बसवावा. ८ बीए या ब्रिटिश मापाचा किंवा २ मिमीचा स्क्रू या कामाला पुरेसा आहे.

वजनाकडेही पाहावे. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठीची शिफारस अशी आहे, की डब्याला मुळात १ औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन द्यावे. मार्क १ चा लांब डबा या प्रमाणात सुमारे १० इंच भरतो, म्हणजे त्या हिशोबाने ६ औंस, सुमारे १७० ग्रॅम. ब्रिटिश पद्धतीत दर आसामागे २५ ग्रॅम, म्हणजे एकूण १०० ग्रॅम, एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. लांब गाडी ओढायची असेल तर मीही खालच्या आकड्याकडेच झुकेन. एकाच गाडीतल्या डब्यांची वजने एकमेकांना जवळ असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण जड डब्यांच्या मध्ये सापडलेला हलका डबा वळणावर आत ओढला जातो. वजन तळाशी, बोग्यांच्या डोक्यावर चिकटवावे. छताला कधीही नाही.

प्रश्न : नवी बोगी बसवल्यावर डबा दोन मिलिमीटर उंच दिसतो. थोडी लहान चाके बसवावीत का?

उत्तर : नाही. चाकांचा व्यास बोगीच्या रूपाचाच भाग आहे, आणि लहान चाकांमुळे ॲक्सलबॉक्सही खाली येतात. बोगीच्या आडव्या तुळईची टेकण किंवा तळावरची बैठक यांपैकी जी जाड असेल ती कानशीने उतरवावी, आणि दर वेळी बफरची उंची शेजारच्या डब्याशी लावून पाहावी.

प्रश्न : मोठ्या वळणांवर काही त्रास नाही, परंतु दुसऱ्या त्रिज्येच्या वळणावर चाके डब्याच्या खालच्या कडेला घासतात. बोगी योग्य मापाची आहे. मग असे का होते?

उत्तर : हिशोब मांडला की कारण समजते. मार्क १ च्या लांब डब्यात दोन मध्यखिळींमधले अंतर ४६ फूट ६ इंच, म्हणजे १८६ मिमी आहे. तयार रुळांची दुसरी त्रिज्या ४३८ मिमी असते. अंतराच्या निम्म्याला, म्हणजे ९३ ला, ४३८ ने भागले की सुमारे ०.२१ येते, आणि याचा अर्थ बोगी डब्याच्या मानाने सव्वाबारा अंश वळते. आस मध्यखिळीपासून १७ मिमी दूर असल्यामुळे चाक साडेतीन मिलिमीटरहून अधिक बाजूला सरकते, आणि चौकटीचे टोक त्याहूनही जास्त. खऱ्या रेल्वेवर इतके तीव्र वळण नसतेच, त्यामुळे खऱ्या डब्याच्या मापाने केलेल्या तळात एवढी जागा मिळणार कुठून? ९०० मिमी त्रिज्येला हेच सरकणे पावणेदोन मिलिमीटरवर येते.

बोगीच्या वरच्या बाजूला आणि चाकांच्या कडांना काजळी किंवा मऊ पेन्सिल लावून डबा त्या वळणावरून हाताने ढकलावा. जिथे घासते तिथे काळी रेघ उमटते. बहुतेक वेळा ती सोलबारच्या, म्हणजे तळाच्या कडेने जाणाऱ्या लांब तुळईच्या आतल्या बाजूला, पायरीच्या आधारावर किंवा ब्रेकच्या दांड्यावर सापडते. सोलबार आतून, जिथे दिसत नाही तिथे, पातळ करावा. पायऱ्या खऱ्या बोगीवर असतील तर त्या डब्याला न चिकटवता बोगीलाच चिकटवाव्यात. एवढे करूनही घासत असेल तर डबा अर्धा मिलिमीटर उंच करावा, कारण बारीकशी उंची नजरेला खुपत नाही. घसरणारा डबा खुपतो.

प्रश्न : जुनी बोगी मेणासारख्या गुळगुळीत प्लास्टिकची आहे. नेहमीचे द्रव सिमेंट लावले की तुकडा दुसऱ्या दिवशी गळून पडतो.

उत्तर : ती बहुधा नायलॉनची किंवा ॲसिटलची असावी. द्रव सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून सांधते. या प्लास्टिकवर त्याचा परिणाम होत नाही, आणि इपॉक्सीसुद्धा पुढे सुटते. भाग बारीक तारेच्या खिळीने अडकवावेत आणि गोंद फक्त जागा भरण्यापुरता धरावा. तुटलेली चौकट सांधण्यापेक्षा नवी घेणे बरे.

प्रश्न : सहाचाकी बोगी असलेला भोजनडबा जोडत आहे. बोगीचे मधले चाक प्रत्येक वळणावर वर उचलले जाते. मधली चाके काढूनच टाकावीत का?

उत्तर : काढण्याची गरज नाही, पण त्यांना बाकीच्या चाकांसारखे टोकदार आसावर धरू नये. पहिल्या आणि तिसऱ्या आसांमधले अंतर ४८ मिमी असेल, तर ४३८ मिमीच्या वळणावर मधल्या आसाला सुमारे ०.६६ मिलिमीटर बाजूला सरकावे लागते. टोकदार आस एवढा सरकू शकत नाही, म्हणून तो वर चढतो. मधल्या जोडीला सपाट टोकांचा आस द्यावा, तो उभ्या लांबट भोकांत ठेवावा आणि दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर जागा सोडावी, म्हणजे ती चाके स्वतःच्या वजनाने रुळावर टेकून फिरत राहतील आणि डब्याचा भार बाहेरच्या चार चाकांवरच राहील.